तो वेळ, ती वेळ

मराठीत ‘वेळ’ हा शब्द दोन लिंगांत चालतो. ‘वेळ झाली’ आणि ‘वेळ झाला’ ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत आणि दोन्हींचे अर्थ वेगळे आहेत. पहिल्यात ठरलेला क्षण येऊन ठेपला आहे. दुसऱ्यात काही तास हातातून निसटून गेले आहेत. ती वेळ ठरते, टळते, चुकते, साधते. तो वेळ लागतो, जातो, काढावा लागतो, पुरत नाही. एक बिंदू आहे, दुसरा लांबी. व्याकरणाच्या पुस्तकात या भेदाला दोन ओळींपेक्षा अधिक जागा मिळत नाही, आणि इतकी वर्षे वर्गात मराठी शिकवताना मीही त्याला फारशी दिली नाही. हा भेद नीट ध्यानात आला तो भिंतीवरच्या एका घड्याळामुळे.

युरोपात आणि अमेरिकेच्या बहुतेक भागांत वसंत ऋतूत सगळी घड्याळे एक तास पुढे करतात आणि शरदात पुन्हा मागे आणतात. उन्हाळ्यात पहाटेचा जो उजेड लोक झोपेत घालवतात तो संध्याकाळी हाती यावा, ही त्यामागची कल्पना. इंग्रजी नावात ‘सेव्हिंग’ हा शब्द आहे, म्हणजे बचत. पण या व्यवहारात खरोखर हलते ती ‘ती वेळ’: शाळेची, कचेरीची, गाडीची. वाचल्याचे सांगितले जाते ते मात्र ‘तो वेळ’. दोन लिंगांतला हा घोटाळा इंग्रजीत दिसत नाही, मराठीत लगेच दिसतो.

उमरखेडच्या माणसाने या विषयावर लिहावे हे थोडे चमत्कारिक वाटेल. आमच्या अक्षांशावर सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो आणि सर्वांत लहान अकरा तासांच्या. लंडनला उन्हाळ्यातला दिवस साडेसोळा तासांच्या वर जातो आणि हिवाळ्यातला आठ तासांच्याही खाली येतो. जिथे उजेडाची इतकी चढउतार आहे तिथे घड्याळ सरकवण्याचा मोह समजण्यासारखा आहे. पैनगंगेच्या काठावर, जिथे मे महिन्यात लोक उजेडापासून लपायला जागा शोधतात, तिथे उजेड वाचवून ठेवायचा कुठे? तरीही आमच्या घरात हा प्रकार दोनदा घडला. एकदा सरकारी हुकमाने आणि एकदा आपखुशीने. या दोन्ही वेळा कोणी काय दिले, याचा हिशोब मला मांडायचा आहे.

हुकमाचा प्रसंग १९४२ चा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात १ सप्टेंबर १९४२ पासून हिंदुस्थानची प्रमाणवेळ एक तास पुढे करण्यात आली आणि ती ऑक्टोबर १९४५ च्या मध्यापर्यंत तशीच राहिली. ऋतूप्रमाणे पुढेमागे करण्याची भानगड नव्हती. उन्हाळा असो की हिवाळा, सलग तीन वर्षे घड्याळ पुढेच. लोकांनी त्याला लगोलग नाव दिले: ‘नवा टाइम’. मग आधीचा आपोआप ‘जुना टाइम’ झाला. या दोन शब्दांत ‘वेळ’ कुठेच नाही हे लक्षात घेण्यासारखे आहे. वेळ आपली असते, टाइम सरकारचा असतो. निदान आमच्या आजीच्या बोलण्यात तरी तो तसा होता.

ते दिवसही कसले! ‘चले जाव’चा ठराव होऊन महिनाही झाला नव्हता. १६ ऑगस्टला चिमूर आणि आष्टी पेटून उठली होती आणि वऱ्हाड-विदर्भात धरपकड चालू होती. दुसरीकडे, यवतमाळचेच लोकनायक बापूजी अणे तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळावर होते. गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी, फेब्रुवारी १९४३ मध्ये, ते तिथून बाहेर पडले. अशा गदारोळात घड्याळाचा एक तास ही बातमी म्हणून फारच किरकोळ होती. पोळा तोंडावर आला होता, आणि पोळ्याच्या तोंडावर शेतकऱ्याचे लक्ष घड्याळाकडे नसते. पण आमचे आजोबा मराठी शाळेत मास्तर होते, घरात टोल्यांचे घड्याळ होते, आणि शाळेची घंटा सरकारी टाइमानेच वाजायची होती.

ते घड्याळ जर्मन बनावटीचे होते. आठवड्याला किल्ली द्यावी लागे आणि ते काम आजोबांखेरीज कोणी करायचे नाही असा दंडक होता. घड्याळे सरकवण्याची ही टूम देशभर प्रथम अमलात आणली तीही जर्मनीनेच, ३० एप्रिल १९१६ रोजी, पहिल्या महायुद्धात. इंग्लंडने तीन आठवड्यांत तिचे अनुकरण केले. शत्रूची युक्ती शत्रूच्याच घड्याळावर करून पाहण्याचा योग आजोबांना आला, असे बाबा हसून सांगत. टोल्यांच्या घड्याळाचा काटा झटकन पुढे ढकलता येत नाही. मिनिटकाटा बोटाने हळूहळू फिरवायचा, अर्ध्या तासावर थांबून एक टोला पुरा होऊ द्यायचा, मग तासावर थांबून सगळे टोले मोजून घ्यायचे, नाहीतर टोले आणि काटे यांचे बिनसते. बाबा तेव्हा आठ वर्षांचे होते. भरदुपारी, कोणतीही वेळ झालेली नसताना घड्याळ टोले देत होते, याची त्यांना फार गंमत वाटली होती.

आजीला ती वाटली नाही. शाळा अकराची होती. ती आता जुन्या टाइमाने दहालाच भरू लागली. मास्तर आणि मुलगा जेवून निघायचे, म्हणजे भाकरी तासभर आधी व्हायला हवी; त्याआधी दळण, त्याआधी पाणी. जानेवारीत आमच्याकडे सूर्य उगवायला सात वाजत येतात. नव्या टाइमाने आठ वाजत येत. दिवस कासराभर वर येईपर्यंत आजीची निम्मी कामे उरकलेली असावी लागत. म्हणजे जाते अंधारात फिरायचे आणि अंधारात फिरायचे तर चिमणी लावायची. घरात वीज नव्हती, आणि युद्धामुळे घासलेट मिळायची मारामार. उजेड वाचवण्यासाठी काढलेल्या नव्या टाइमाने आमच्या स्वयंपाकघरात पहाटेचा जास्तीचा दिवा लावला. काट्याने एक तास उडी मारली; जात्यावरचे दळण मात्र मूठभरही कमी झाले नाही. सरकारने हलवली ती वेळ; तिची भरपाई आजीने आपल्या झोपेतला वेळ देऊन केली.

तिने निषेध केला तो एकाच प्रकारे. आजोबांनी “साडेनऊ झाले” म्हटले की ती म्हणे, “जुन्या टायमानं सांगा.” तीन वर्षे ती हेच म्हणत राहिली. या वाक्यात देशभक्ती शोधण्याचा मोह मला तरुणपणी झाला होता. आता तो होत नाही. गाय जुन्या टाइमाने पान्हवत होती, ऊन जुन्या टाइमाने ओसरीवर चढत होते, आणि तिची सगळी कामे या दोघांच्या हिशोबाने चालत होती. घड्याळाने गायीशी विचारविनिमय केला नव्हता, एवढाच तिचा मुद्दा होता.

अर्थात दोन हिशोब एकाच वेळी सांभाळणे आमच्या टापूला नवे नव्हते. गावाच्या दक्षिणेला पैनगंगा आहे. तेव्हा तिच्या पलीकडे निजामाचे राज्य होते. तिथे सरकारदरबारी फसली सन चाले, महिन्यांची नावे आजूर, दय, बहमन अशी फारसी असत आणि सुट्टी रविवारऐवजी शुक्रवारी असे. नदी ओलांडली की सन बदले, महिना बदले, सुट्टीचा वार बदले. सोयरिकी मात्र दोन्ही काठांवर होत आणि त्यांचे मुहूर्त पंचांगावरून निघत. ते दोन्हीकडे एकच.

मोठ्या शहरांनी हे भांडण मोठ्याने केले. मुंबईत १८८० च्या दशकाच्या आरंभी सरकारने रेल्वेचा मद्रास टाइम शहरावर लादू पाहिला. विद्यापीठाने राजाबाई टॉवरवर मुंबईचीच वेळ ठेवायची ठरवली, तेव्हा सरकारने त्या घड्याळाच्या दिवाबत्तीचा खर्च नाकारला. पुढे १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली; ती मुंबईच्या सूर्यापेक्षा ३९ मिनिटे पुढे होती. गिरणी कामगारांनी काम थांबवले, नगरपालिकेने आपल्या घड्याळांवर पुन्हा ‘मुंबई टाइम’ आणला, आणि तो स्वातंत्र्यानंतरही, पन्नाशीच्या दशकापर्यंत टिकला. या लढ्याचा इतिहास लिहिला गेला आहे. त्यात सभा, ठराव, अग्रलेख आहेत. “जुन्या टायमानं सांगा” हे वाक्य त्यात येणार नाही, कारण ते ठरावात मांडले गेले नव्हते.

आमच्या गावाचा सूर्यही प्रमाणवेळेच्या मागेच आहे, पण उमरखेड त्यावरून कधी भांडले नाही. प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरून ठरते. आमचे गाव ७७.७ अंशांच्या आसपास आहे. एका अंशाला चार मिनिटे धरली तर आम्ही सुमारे १९ मिनिटे मागे पडतो. फेब्रुवारीच्या मध्यावर आमची खरी माध्यान्ह साडेबारानंतर होते, आणि नोव्हेंबरच्या आरंभी बाराला जेमतेम तीन मिनिटे होतात तेव्हा. हे कोणाच्या ध्यानात येत नाही, अपवाद संकष्टीचा. दिनदर्शिकेत गावोगावच्या चंद्रोदयाच्या वेळा छापलेल्या असतात आणि मुंबईची वेळ पाहून उपास सोडणारीला आमच्याकडे उगीच वीसेक मिनिटे अधिक उपाशी राहावे लागते. आईने ती चूक कधी केली नाही.

आता दुसरा प्रसंग, तो आईचाच.

ताई १९९९ मध्ये न्यू जर्सीतल्या एडिसनला गेली. त्यानंतर वर्षभरात आईने बाजारातून सेलवर चालणारे एक साधे घड्याळ आणवले आणि बैठकीत जुन्या घड्याळाशेजारी लावले. ‘अमेरिकेचं घड्याळ’ असे त्याचे नाव पडले. आईचे शिक्षण जुन्या चौथीपर्यंतचे. पण त्या शिक्षणात पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी पाठ असत. तिने दोन देशांमधला फरक आपल्या पद्धतीने बसवला. ताईकडचे घड्याळ आमच्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असते आणि हिवाळ्यात साडेदहा. बारा तासांच्या तबकडीवर याचाच अर्थ असा की दिवसरात्र उलट करायची आणि उन्हाळ्यात अडीच मिळवायचे, हिवाळ्यात दीड. आमच्याकडे सकाळचे सात, तर तिकडे आदल्या रात्रीचे साडेनऊ. “आता अडीचकी लागली,” असे ती मार्चमध्ये म्हणायची, आणि नोव्हेंबरात, “दिडकी आली.” एका महासत्तेच्या कायद्याचे इतके सुटसुटीत भाषांतर मी दुसरे पाहिलेले नाही.

ताईचा फोन तिच्या रात्री साडेनऊला येई: मुले झोपली, भांडी झाली की. म्हणजे उन्हाळ्यात आमच्या सकाळी सातला आणि हिवाळ्यात आठला. आई सकाळचा चहा त्या फोननंतरच घेत असे. त्याआधी अंघोळ, पूजा, तुळशीला पाणी. मग खुर्ची ओढून फोनजवळ बसायचे, मग बोलणे, मग चहा. त्यामुळे वर्षातून दोनदा आमच्या घरातली सगळी सकाळ सरके. हिवाळ्यातला आठचा चहा मार्चमध्ये सातला येई आणि अंघोळ-पूजा त्यामागोमाग तासभर अलीकडे. अमेरिकेच्या काँग्रेसने २००५ मध्ये ऊर्जाविषयक कायदा करून २००७ पासून उन्हाळी वेळेचा काळ वाढवला: एप्रिलच्या पहिल्या रविवारी सुरू होणारी ती मार्चच्या दुसऱ्या रविवारी सुरू होऊ लागली आणि ऑक्टोबरऐवजी नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत राहू लागली. त्या वर्षी आई म्हणाली, “यंदा अडीचकी लवकर लागली.” तो कायदा उमरखेडमध्ये एकाच व्यक्तीच्या चहाला लागू होता, आणि तिथे त्याचे पालन काटेकोरपणे होत होते.

न्यू जर्सीत काटे पहाटे दोनला हलतात. मार्चमध्ये तेव्हा आमच्याकडे रविवारचे दुपारचे साडेबारा वाजलेले असतात. जेवणाआधी स्टूल ठेवून मी घड्याळ काढायचे, मागची कळ फिरवायची, आई खाली उभी राहून आपल्या घड्याळाशी ताडून पाहायची. सेलच्या घड्याळाला टोल्यांचे सोपस्कार नसतात. काटा पुढे-मागे कसाही फिरतो. ‘आधीच आदल्या रात्री करून ठेवू’ हे तिला चालत नसे. तिकडे अजून झालेले नाही, तर इकडे कसे करायचे?

मला यात पुष्कळ दिवस थोडी लाचारी दिसत असे. परदेशी गेलेल्या लेकीच्या घड्याळावर आपला दिवस बेतायचा, ताईने मात्र अर्धा तास इकडेतिकडे करायचा नाही, हे मला खटकत असे. एकदा मी तसे ताईला सुचवले आणि तिने मला तिची सोमवारची सकाळ ऐकवली. घड्याळ पुढे गेल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी मुलांना अंधारात उठवावे लागते, ती रडतात, शाळेची बस थांबत नाही. तो एक तास तीही झोपेतूनच काढते. रात्री साडेनऊच्या आधी तिला बोलायला वेळ नसतो आणि नंतर जागे राहण्याइतकी ताकद नसते. तेव्हा मला आजीचे दळण आठवले. आजी, आई, ताई: तीन पिढ्यांत वेळ कोणीही हलवली असो, तिच्यासाठी वेळ काढला तो घरातल्या अशा माणसाने, ज्याच्या कामाची वेळ कोणत्याही घड्याळावर लिहिलेली नसते. आजीकडून तो मागितला नव्हता, घेतला होता. आईने स्वतः होऊन दिला. हा फरक लहान नाही, पण रक्कम तीच आहे.

या योजनेचे जनक पाहिले तरी हे लक्षात येते. न्यूझीलंडचा जॉर्ज हडसन, ज्याने १८९५ मध्ये ही कल्पना मांडली, तो नोकरीनंतर कीटक गोळा करायचा. त्याला संध्याकाळचा उजेड हवा होता. इंग्लंडचा विल्यम विलेट, ज्याने १९०७ मध्ये पत्रक काढून तिचा हिरिरीने प्रचार केला, तो बांधकामाच्या धंद्यातला आणि पहाटे घोड्यावर रपेट करणारा. दोघेही सज्जन आणि त्यांची तळमळ खरी. पण पहाटेच्या उजेडाकडे त्यांनी पाहिले ते तो ‘वाया जातो’ म्हणून. जो माणूस त्या उजेडात पीठ मळत असतो, त्याला तो वाया जाताना दिसत नाही.

आता तर या पद्धतीला तिच्या माहेरातच कोणी वाली उरलेला दिसत नाही. युरोपीय संसदेने मार्च २०१९ मध्ये ती बंद करण्याच्या बाजूने मत दिले. अमेरिकेच्या सिनेटने मार्च २०२२ मध्ये कायमची उन्हाळी वेळ ठेवण्याचे विधेयक एकमताने मंजूर केले. पुढे दोन्हींचे घोडे अडले. भारतात उन्हाळी वेळेपेक्षा चर्चा होते ती दोन प्रमाणवेळांची. आसामच्या चहामळ्यांत घड्याळ एक तास पुढे ठेवणारा ‘बागान टाइम’ जुनाच आहे, आणि राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये दोन प्रमाणवेळांचा प्रस्तावही मांडला. वीज वाचते, हे या सगळ्या चर्चांमधले मुख्य कारण. आमच्याकडे वीज वाचवण्याची रीत निराळी होती: घड्याळाला हात न लावता वीजच काढून घेत. भारनियमनाच्या वर्षांत शेतीपंपाला वीज यायची रात्री, आणि शेतकरी कंदील घेऊन ओलिताला जायचा. त्याच्या रात्रीला कोणी ‘नवा टाइम’ असे नाव दिले नाही इतकेच.

बाबांच्या तोंडून ऐकलेली आणखी एक गोष्ट सांगायला हवी. १९४५ च्या ऑक्टोबरमध्ये, दसऱ्याच्या सुमारास, घड्याळ परत मागे आणायचे होते. टोल्यांच्या घड्याळाचे काटे उलटे फिरवू नयेत, यंत्र बिघडते. एक तर अकरा तास पुढे न्यावे आणि प्रत्येक टोला होऊ द्यावा, नाहीतर लंबक धरून तासभर घड्याळ बंद ठेवावे. आजोबांनी दुसरा मार्ग पत्करला. बंद घड्याळ घरात अशुभ, म्हणून आजी अस्वस्थ. थोड्या वेळाने तिने विचारले, “आता किती वाजले?” आजोबा म्हणाले, “आता वाजतच नाहीत.” बाबांच्या आठवणीत आजी त्यावर ओसरीवर जाऊन बसली आणि लंबक पुन्हा हलेपर्यंत तिने कशालाही हात लावला नाही. तिला रिकामी बसलेली पाहण्याचा त्यांच्या लहानपणातला तो एकच प्रसंग.

आई २०१८ च्या वैशाखात गेली, सकाळी पावणेसातला. अडीचकी चालू होती. एडिसनला आदल्या रात्रीचे सव्वानऊ झाले होते. फोनला पंधरा मिनिटे होती, तो मी आधीच केला. पुढे कागदोपत्री तारखेचा प्रश्न आला, कारण ताईच्या लेखी आई आदल्या दिवशी गेली होती. तिथीचा प्रश्न मात्र आला नाही. सूर्य आणि चंद्र यांच्यातले अंतर बारा अंशांनी वाढले की एक तिथी पुरी होते, आणि ते अंतर एका क्षणी सगळ्या पृथ्वीवरून सारखेच असते. गुरुजींनी हे ताईला फोनवर समजावून सांगितले तेव्हा ती पहिल्यांदा रडली.

अमेरिकेचे घड्याळ तिच्या सांगण्यावरून मी अजून भिंतीवर ठेवले आहे आणि वर्षातून दोनदा हलवतो, मात्र आता आपल्या सोयीने, कधी शनिवारी रात्रीच. ताईकडे हाताने हलवायला फारसे काही उरलेले नाही. फोन आपापले बदलतात, राहते ते मोटारीतले घड्याळ आणि ओव्हनवरचे. वैशाखातल्या त्या तिथीला ती घरामागच्या अंगणात आईच्या नावाने पान वाढून ठेवते. ते माध्यान्हीला ठेवायचे असते, आणि मे महिन्यात तिकडची माध्यान्ह घड्याळात एक वाजायच्या सुमाराला होते. तिच्या कचेरीत जेवणाची सुट्टी बारा ते एक असते. त्या दिवसापुरती ती एक ते दोन अशी मागून घेते.